हातभर नळीत दोन कामं : आमची वाटचाल

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यात जी नळी तयार होते ती करंगळीएवढी जाड आणि हातभर लांब असते, रंगाने खडूसारखी पांढरी. तिच्या अंगावर रासायनिक प्रक्रिया होते आणि त्याच भिंतीतून पाणी वेगळं होऊन आत उतरतं. ही दोन कामं एका भिंतीत बसवायला आम्हाला अकरा वर्षं लागली.

त्याआधी मी एस्टर या जातीची रसायनं बनवणाऱ्या प्लांटवर शिफ्ट सांभाळायचो. आम्ल आणि अल्कोहोल तापवलं की एस्टर आणि पाणी बनतं, पण ते पाणीच प्रक्रियेला मागे ओढतं. ॲसेटिक ॲसिड आणि इथेनॉलचे रेणू एकास एक घेतले तर सुमारे दोन तृतीयांशावर काम थांबतं. फ्रान्समध्ये बर्थेलो आणि त्यांच्या सहकाऱ्याने १८६२ मध्येच हे मोजलं होतं. पुढे जायचं तर पाणी काढत राहायला हवं, आणि डिस्टिलेशनने काढावं तर इथेनॉलही बरोबर उडतं. उत्प्रेरक म्हणून, म्हणजे प्रक्रियेला वेग द्यायला, घातलेलं सल्फ्युरिक ॲसिड शेवटी सोड्याने मारायचं, म्हणजे पुन्हा खारट सांडपाणी. रात्रपाळीत वाफेचा मीटर पळताना बघून माझा जीव तुटायचा.

धंदा सुरू केला तो फक्त पाणी काढणाऱ्या पडद्यापासून. ॲल्युमिनाच्या (ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या) सच्छिद्र नळीवर झिओलाइट-ए या अतिसूक्ष्म छिद्रांच्या खनिजाचा थर. त्याची छिद्रं सुमारे ०.४ नॅनोमीटरची, पाण्याचा रेणू जातो, इथेनॉलचा अडतो. आधी झिओलाइटचं बी, म्हणजे त्याचेच बारीक स्फटिक, नळीवर चोळायचं, मग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखाली तापवायच्या बंद भांड्यात, थर वाढवायचा. बी चोळण्यात सगळी मेख आहे. आमच्याकडच्या एक ताई पोळीला तूप लावावं तितक्या हलक्या हाताने ते चोळतात. त्यांच्या नळ्या सहसा नापास होत नाहीत. नळी अल्कोहोलमध्ये बुडवून आतून नायट्रोजन सोडायचा आणि बुडबुडे बघायचे, पंक्चरवाला ट्यूब तपासतो तसंच.

अल्कोहोल सुकवायला या नळ्या छान चालल्या. त्याच भरवशावर आम्ही त्या एका एस्टरवाल्या ग्राहकाच्या टाकीत घातल्या. तीन आठवड्यांत सगळ्या गळायला लागल्या. आम्लाने झिओलाइट-ए मधलं ॲल्युमिनियम धुऊन नेलं होतं आणि थर विरघळत गेला होता. चूक संपूर्ण माझी होती. पुस्तकात लिहिलेलं होतं, मी घाई केली. पैसे परत केले आणि पुढची दोन वर्षं जुन्या नळ्या विकून पगार भागवले.

मग सिलिका जास्त असलेल्या मॉर्डेनाइट या दुसऱ्या झिओलाइटकडे वळलो. तो आम्लात तग धरतो, पण थर वाढवायला जास्त तापमान लागतं आणि पहिल्या वर्षी निम्म्याहून जास्त नळ्या बाद झाल्या. त्या थरावर उत्प्रेरकाचा लेप चढवला : आम्लधर्मी आयन-एक्स्चेंज रेझिन (आम्लाचं काम करणारे प्लास्टिकसारखे दाणे) बारीक दळून सिलिका सोलमध्ये, म्हणजे सिलिकाचे सूक्ष्म कण तरंगणाऱ्या पाण्यात, कालवलेलं. हे रेझिन १२० अंशांपुढे टिकत नाही, म्हणून लेप मंद आचेवरच सुकवावा लागतो. पावसाळ्यात हवा दमट असली की त्याला तडे जायचे, तेव्हा सुकवणीची खोली बंदिस्त करून घेतली.

खरा धडा लेपाच्या जाडीने शिकवला. जाड लेप म्हणजे जास्त एस्टर, असं आम्ही धरून चाललो होतो. पण जाड लेपात बनलेलं पाणी पडद्यापर्यंत पोचायच्या आत तिथेच रेंगाळतं आणि प्रक्रिया उलटी फिरते. फार पातळ लेपात पडदा रिकामा बसतो. जितकं पाणी बनेल तितकंच पडद्याने ओढून घ्यायला हवं. दोघांचा वेग जुळला तेव्हा सांडपाण्याच्या टाकीकडे आम्ल मारायला जायची गरजच उरली नाही, कारण उत्प्रेरक नळीलाच चिकटलेला.

आता आम्ही लॅक्टिक ॲसिडपासून इथाइल लॅक्टेट हा एस्टर बनवणाऱ्यांसाठी या नळ्या करतो. ते १५४ अंशांना उकळतं, त्यामुळे टाकीतच राहतं आणि फक्त पाणी निघून जातं. एका ग्राहकाकडची नळ्यांची जुडी सात महिने चालू आहे. दर सोमवारी त्यांच्याकडून पडद्यापलीकडच्या पाण्याची बाटली येते. त्यात अल्कोहोल किती आलं ते आधी बघतो, चहा नंतर.