दाताचं मशीन आणि बिली आयलिश

आज रूट कॅनाल. खुर्चीत आडवा, आऽ वासलेला, आणि ते मशीन सुरू झालं... घूंऽऽऽ. घाबरायचं सोडून मला चक्क गाणं आठवलं! अमेरिकी गायिका बिली आयलिशच्या २०१९ च्या पहिल्या अल्बममधलं 'बरी अ फ्रेंड'. तिच्या दातांवर चाललेल्या मशीनचा आवाज त्यात घातलाय. लॉस एंजेलिसमध्ये, भावाच्या बेडरूममध्ये केलेला अल्बम तो.

भाचीने पहिल्यांदा ऐकवला तेव्हा मी म्हटलं होतं, "गातेय की कुजबुजतेय?" ताईला वेगळीच काळजी: "हिचं सगळं ठीक आहे ना रे?" (हिचं म्हणजे भाचीचं.) समीक्षकांनी मात्र बहुतेक डोक्यावरच घेतला. २०२० च्या ग्रॅमीत अठराव्या वर्षी चारही मोठे पुरस्कार! काहींना त्या गाण्यांमधला काळोख ओढूनताणून आणलेला वाटला; दोनेक गाण्यांपुरतं मलाही तसंच वाटतं. पण त्यातल्याच 'बॅड गाय'चा बेस एकदा हेडफोनवर ऐका. लॅपटॉपवर कळतच नाही.

तर पाय तालावर हलत होता. डॉक्टर म्हणाले, "दुखतंय?" जीभ बधिर, सांगणार काय? अजून एक इंजेक्शन टोचलं.