आमची वाटचाल: गिझरच्या कॉइलपासून एस्प्रेसो मशीनपर्यंत

बाबांचं बेळगावच्या टिळकवाडीत मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरी पुन्हा गुंडाळायचं दुकान. पाण्याचे पंप, मिक्सर, गिझर हेच आमचं रोजचं काम. कोरोनात पुण्या-बेंगळूरची पोरं लॅपटॉप घेऊन घरी परतली आणि त्यांच्याबरोबर बेळगावात दाट कॉफी काढणारी घरगुती एस्प्रेसो मशीनही आली. बिघडली की बेंगळूरला पाठवायची, म्हणून लोक आमच्याकडे आणू लागले. पहिलं मशीन उघडलं तेव्हाच ओळख पटली. गिझरच्या कॉइलवर बसतो तोच पांढरा क्षार आत होता.

शहराला राकसकोप आणि हिडकलचं पाणी येतं, पण घरोघरी विहीर नाहीतर बोअरही आहेच. बोअरचं जड पाणी तापलं की क्षार बॉयलरला धरतो, बारीक नळ्या तुंबतात, पंप नुसता घुरघुरतो. म्हणून मशीन आलं की आमचा पहिला प्रश्न एकच: पाणी कुठलं भरता? यावर उपाय म्हणून सरसकट आरओचं पाणी वापरा असं आम्ही सांगत नाही. काही मोठ्या मशीनमध्ये बॉयलरची पातळी ओळखणारी कांडी असते. पाण्यात क्षारच नसेल तर तिला पाणी आल्याचं कळत नाही. थोडे क्षार असलेलं मऊ पाणी सगळ्यात चांगलं.

शहापूरच्या एका काकींची तक्रार होती, कॉफी कडवट येते.

"रोज पुसते की रे मी!"

"वरून पुसता काकी. हे खालून बघा."

कॉफीची पूड भरलेलं हँडल अडकवतो तिथल्या जाळीचा स्क्रू काढला. जाळीच्या मागं काळं, चिकट तेल साचलेलं. कॉफीचं तेल तापून तापून खवट होतं आणि प्रत्येक कपात उतरतं. मशीनला काहीच झालेलं नव्हतं. जाळी धुवून बसवली आणि काकींच्याच हातून बॅकफ्लश, म्हणजे पाणी उलटं ढकलून आतली सफाई, करून घेतला: हँडलमध्ये बिनभोकाची चकती, चिमूटभर क्लीनिंग पावडर, दहा सेकंद चालू, मग बंद, असं चार-पाच वेळा, शेवटी नुसत्या पाण्यानं. थ्री-वे व्हॉल्व्ह, म्हणजे कॉफी झाल्यावर उरलेला दाब बाहेर सोडणारी झडप, असलेल्या मशीनलाच हे करायचं. नसेल तर जाळी काढून धुणं पुरे.

दुधात वाफ सोडणारी नळी मात्र सगळ्यांनाच सांगावी लागते. दूध फेसाळलं की लगेच ओल्या फडक्यानं पुसायची आणि क्षणभर वाफ सोडायची. दूध आत वाळलं की भोकं बुजतात.

क्षार काढायला बरेच जण व्हिनेगर ओततात. आमचा त्याला ठाम विरोध आहे. वास जात नाही, रबरालाही ते सोसत नाही. स्टील-पितळेच्या बॉयलरला सायट्रिक ॲसिड चालतं. आत ॲल्युमिनियम असेल तर कंपनीनं सांगितलेलंच द्रावण घ्या.

इतकं शिकवून सोडलं तर गिऱ्हाईक परत कशाला येईल, असं बाबांना वाटायचं. पण येतात. हँडल बसतं तिथं पाणी अडवणारं गोल गॅस्केट उष्णतेनं कडक होतं, हँडल नेहमीच्या जागेपुढं फिरतं, कडेनं पाणी गळतं. ते बदलावंच लागतं. उद्यमबागेतल्या ओळखीच्या वर्कशॉपमधून फूड-ग्रेड सिलिकॉनची गॅस्केटं मापानुसार कापून घेतो, बिनभोकाच्या स्टीलच्या चकत्याही तिथंच लेथवर होतात.

आता निपाणी, खानापूर, संकेश्वरकडूनही फोन येतात. तिकडं महिन्यातून एकदा फेरी असते. आम्ही येण्याआधी मशीनचं मॉडेल आणि जुन्या गॅस्केटची जाडी कळवली, तर एकाच खेपेत काम होतं.