तुम्ही विचारलंत म्हणून: कपाटातल्या त्या पुस्तकांबद्दल

गणपतीची आरती झाली, प्रसाद वाटून झाला, की आमच्याकडे आलेलं कुणी ना कुणी पुस्तकांच्या कपाटासमोर जाऊन उभं राहतं. "अगं, एवढी सगळी काळ्यांची पुस्तकं? आणि आपल्या गोष्टी कुठायत?" अटलांटात आल्यापासून नाही, पण लेक वाचायला लागल्यापासून हा प्रश्न ऐकतेय.

आपल्या गोष्टी वरच्या कप्प्यात आहेत. शिवाजी महाराज, सावित्रीबाई, बिरबल. कुणाला खाली उतरवून दुसऱ्या कुणाला जागा दिलेली नाही. हे आधीच सांगते, कारण ते ऐकल्याशिवाय पुढचं कुणी ऐकून घेत नाही.

इतकी वर्षं माझं उत्तर ठरलेलं होतं. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना, मग आपला संबंध नाही कसा? त्यावर जोडीला दुसरं. १९६५ च्या मार्चमध्ये अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर काळ्यांच्या मतदानाच्या हक्कासाठी मोर्चा काढणाऱ्या लोकांनी लाठ्या खाल्ल्या, ऑगस्टमध्ये मतदानाच्या हक्काचा कायदा झाला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कुठल्या देशातून किती लोक इथे येऊ द्यायचे हे ठरवणारा, देशावर माणूस तोलणारा जुना कोटा गेला. त्याआधी अख्ख्या भारताला वर्षाला शंभर जागा होत्या. शंभर! आपण सगळे इथे बसून मोदक खातोय त्याला काळ्यांच्या त्या नागरी हक्क चळवळीचा हातभार आहे.

यातलं काही खोटं नाही. पण हे बोलताना माझा आवाज चढायचा आणि समोरची वहिनी गप्प व्हायची, आणि मला ते आवडायचं. फुल्यांनी ते लिहिलं ते आपल्या लोकांनी तो कित्ता गिरवावा म्हणून. मी काय गिरवलं, हे मला कुणी विचारलं नाही. विचारलं ते लेकीनं.

ती तेव्हा सात वर्षांची होती. पुस्तक रूबी ब्रिजेसचं. गोष्ट तुम्हाला माहीत आहे. १४ नोव्हेंबर १९६०, न्यू ऑर्लिन्स, तोवर फक्त गोऱ्यांच्या असलेल्या शाळेत निघालेली सहा वर्षांची काळी मुलगी, तिच्या संरक्षणाला चार केंद्रीय मार्शल. आमच्याकडे ते पुस्तक मी इंग्रजी मजकुरावर बोट ठेवून मराठीत सांगायची. काही गोष्टी गाळायची. शाळेबाहेरच्या बायकांनी छोट्या शवपेटीत काळी बाहुली ठेवून नाचवली होती, ते मी सांगत नसे. एक बाई रोज विष घालीन म्हणून ओरडायची, तेही नाही. रूबीला आधी ती गर्दी मार्डी ग्रासची, म्हणजे तिथल्या मिरवणुकांच्या सणाची वाटली, हे मात्र रंगवून सांगायची. त्यावर लेक हसायची.

त्या रात्री तिनं माझं बोट बाजूला केलं. तोवर तिला स्वतःला वाचता यायला लागलं होतं. चित्रात गोऱ्या आया आपापल्या मुलांचा हात धरून शाळेच्या पायऱ्या उतरत होत्या.

"या कुठे चालल्यात?"

"मुलांना घरी नेतायत. त्यांना रूबीबरोबर आपली मुलं शिकायला नको होती."

"मग ती मुलं दुसऱ्या शाळेत गेली?"

"काही गेली."

तिनं पान मागे उलटलं. खाली ओळीत एक शब्द होता, त्यावर तिनं बोट ठेवलं. क्राउड. "आई, आपल्या जुन्या शाळेबाहेर पण असं क्राउड होतं?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

आदल्या वर्षी आम्ही घर बदललं होतं. अपार्टमेंटजवळच्या शाळेचं रेटिंग दहापैकी तीन. लेकीच्या वर्गात बहुतेक मुलं काळी. तिची मैत्रीण खालच्याच मजल्यावर राहायची. वेण्यांच्या टोकांना मणी, ती जिना चढून वर येताना ते एकमेकांवर आपटायचे आणि दार वाजायच्या आधी लेक धावत सुटायची. शाळेबद्दल आमची एकही तक्रार नव्हती. बाई फार चांगल्या होत्या. पण ज्यांना ज्यांना विचारलं ते सगळे एकच म्हणाले, स्कूल डिस्ट्रिक्ट बघून घर घ्या, घर जिथे शाळा तिथली, तिकडचं क्राउड बरोबर नाही. आणि मी फोनवर माझ्या आईला तेच सांगितलं. स्वयंपाकघरात, पोळ्या लाटता लाटता. "नाही गं, शाळा तशी ठीक होती, पण तिथलं क्राउड बरोबर नव्हतं." लेक टेबलाशी बसून चित्र रंगवत होती.

म्हणजे वर्षभर तिची समजूत होती की जुन्या शाळेबाहेर कुणी वाईट माणसं उभी राहायची आणि त्यांच्यापासून वाचवायला आम्ही तिला इकडे आणलं. तिनं पुढे विचारलं, "मग आपण माझ्या मैत्रिणीला का नाही आणलं?"

मी दिवा मालवला. उद्या सांगते म्हटलं.

नवऱ्याचं म्हणणं, तू उगाच मनाला लावून घेतेस. आपण कुणावर ओरडलो नाही, कुणाचं वाईट चिंतलं नाही. मुलीला चांगली शाळा मिळावी म्हणून तीस वर्षांचं कर्ज घेतलं, हा गुन्हा आहे का? नाहीच. मी आजही त्या शाळेत तिला परत घातली नसती, हेही खरंच सांगते. पण पायऱ्या उतरणाऱ्या त्या आयांनाही आपण मुलांचं भलं करतोय असंच वाटत असणार. हे एकदा डोक्यात आलं ते जात नाही.

त्यानंतर मी पुस्तकं गाळून सांगणं बंद केलं. रोझा पार्क्स म्हणजे कामावरून दमलेली बाई, पाय दुखत होते म्हणून बसमध्ये गोऱ्या माणसाला जागा द्यायला उठली नाही, असं मीच सांगायची. ती बेचाळीस वर्षांची होती, बारा वर्षं मॉन्टगोमेरीत काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेची सचिव होती, काय करतेय ते तिला पुरतं माहीत होतं. तिच्या नऊ महिने आधी क्लॉडेट कोल्विन नावाची पंधरा वर्षांची पोर तशाच बसमध्ये तशीच बसून राहिली आणि अटक झाली. रोझाच्या अटकेनंतर मग बसवर बहिष्कार घालून ३८१ दिवस लोक पायी चालले. मुलांच्या पुस्तकात ते एका पानात उरकतं. आम्ही त्या पानावर थांबतो. वाटतं, दमलेली बाई सांगणं मला सोपं जात होतं, कारण दमलेल्या बाईचं कौतुक केलं की झालं. ठरवून बसलेली बाई समोरच्यालाही विचारते, तू काय ठरवलंस?

तर वहिनी, तुम्ही विचारलंत म्हणून. ही पुस्तकं लेकीसाठी आणली होती, आता ती माझ्यासाठी आहेत. लेक अकरा वर्षांची झाली, तिला ती लहान पडतात. मैत्रिणीच्या आईचा नंबर माझ्याकडे आहे. दोनदा मेसेज लिहून पुसलाय. काय लिहायचं, आम्ही का गेलो?

या गणपतीत तुम्ही कपाटासमोर उभ्या राहून विचारलंत तेव्हा लेक तिथेच होती, हातात ताटली घेऊन. मी काय सांगते ते ऐकायला थांबली होती. मी म्हटलं, "चित्रं छान असतात हो त्यात." तिनं माझ्याकडे बघितलं आणि ताटली घेऊन वर निघून गेली.