येणार नाही म्हणणारा कॅप्टन

माझा भाचा चौथीत आहे. मजकुराने भरगच्च पान समोर आले की त्याची नजर खिडकीकडे वळते. त्याला आळशी म्हणणे मला कधीच पटलेले नाही. ओळीमागून ओळ वाचताना अर्थ निसटत जातो आणि आपल्याला हे जमणार नाही अशी भीती त्याच्या मनात घर करते, एवढेच मला दिसत आले आहे. म्हणून मेच्या सुट्टीत आम्ही दोघांनी मिळून वाचायला मी हेर्जे या बेल्जियन चित्रकाराची ‘टिनटिन इन तिबेट’ ही चित्रकादंबरी निवडली. पुस्तक इंग्रजी होते. फुग्यांतले संवाद तो वाचायचा आणि अडला की मी मराठीत अर्थ सांगायचे.

१९६० साली पुस्तकरूपाने आलेल्या या साहसकथेत खलनायकच नाही. हिमालयात विमान कोसळते, त्यातला चँग हा मुलगा दगावला असे सगळे मानतात, पण बर्फात अडकलेला चँग स्वप्नात दिसला म्हणून त्याचा मित्र टिनटिन हा तरुण बातमीदार दिल्ली, काठमांडू असा प्रवास करत त्याला शोधायला निघतो.

भाच्याला सर्वांत जवळचा वाटला तो टिनटिनचा खलाशी मित्र कॅप्टन हॅडॉक. मी येणार नाही, असे तो ठणकावून सांगतो आणि थोड्याच वेळात टिनटिनच्या सोबत चालताना दिसतो. मधल्या काळात त्याच्या मनात काय झाले, हे हेर्जे सांगत नाही. दोन चौकटींमधली ती कोरी पट्टी वाचणाऱ्याने स्वतः भरायची असते. चित्रकथेत शब्द थोडे, म्हणून ती वाचणे म्हणजे खरे वाचन नव्हे, असे मानणाऱ्यांनी एखाद्या मुलाला ही पट्टी भरताना शेजारी बसून पाहावे, असे मला मनापासून वाटते. तो अंदाज बांधतो, चुकला तर पान मागे उलटतो, आणि एखादा शब्द अडला तरी चित्राच्या आधाराने पुढे सरकतो.

कड्यावरच्या प्रसंगात हॅडॉक दोराला लोंबकळतो आणि वरून टिनटिन त्याचा भार पेलून धरतो. दोघांनी मरण्यापेक्षा एक तरी वाचावा म्हणून कॅप्टन दोर कापायला चाकू काढतो. “मावशी, तो खरंच कापणार?” भाच्याने विचारले. मी उत्तर दिले नाही. मग माघारी गेलेला त्यांचा वाटाड्या थार्के शेर्पा परत येऊन त्यांना वाचवतो तिथपर्यंत तो अडखळत, पण न थांबता वाचत गेला.

चँग निव्वळ कल्पनेतला नाही, हे मी त्याला नंतर सांगितले. १९३४ मध्ये ब्रसेल्समध्ये शिकणाऱ्या झांग चोंगरेन या चिनी कलाविद्यार्थ्याशी हेर्जेची मैत्री झाली, पुढे त्यांचा संपर्क तुटला आणि ते पुन्हा भेटले ते थेट १९८१ मध्ये. म्हणजे मित्राचा हा शोध चितारला जात असताना खरा मित्र हरवलेलाच होता.

पुस्तकाच्या अखेरीस चँगला घेऊन सगळे परततात आणि त्याला जगवणारा यती दूर जाणाऱ्या त्या माणसांकडे एकटाच पाहत राहतो. भाचा त्या चित्रावर बराच वेळ थांबला. आता त्याच्याजवळ कोण, असे त्याने विचारले, आणि मी काही बोलण्याआधीच यतीने चँगची काळजी घेतल्याची पाने शोधून तो ती पुन्हा वाचू लागला, या वेळी माझ्या मदतीशिवाय.