अणुभट्टीसाठी लागेल तेवढेच गणित

रविवार, रात्र

अणुभट्टीचे भौतिकशास्त्र घरच्या घरी शिकायचे, तर खजुरी बाजारातून आणलेली गणिताची जाडजूड पुस्तके पहिल्या पानापासून वाचत बसण्यापेक्षा न्यूट्रॉन-विसरणाचे (न्यूट्रॉन पसरण्याचे) समीकरण समोर ठेवावे आणि ते जे मागेल तेवढेच मागे जाऊन शिकावे, असे मी ठरवले आहे. (इंदूरच्या आमच्या राजेंद्रनगरपासून राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र जवळ असले तरी तिथले काम लेसर आणि त्वरकांचे, त्यामुळे या विषयात शेजाराचा उपयोग नाही.)

ते समीकरण म्हणजे न्यूट्रॉनांचा जमाखर्च: विखंडनातून (अणुकेंद्र फुटण्यातून) आलेले किती, शोषले गेलेले किती आणि बाहेर निसटलेले किती. सपाट पट्टीच्या आकारात त्याचे उत्तर साधे कोसाइन निघते. दंडगोलात मात्र केंद्रापासून दूर जावे तसा परीघ वाढतो, म्हणून समीकरणात एक जादा पद शिरते आणि कोसाइनची जागा बेसेल फलन घेते (कोसाइनसारखेच वरखाली होणारे, पण हळूहळू लहान होत जाणारे). रावतभाटा किंवा काकरापारच्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतील कॅलँड्रिया, म्हणजे जड पाण्याची मुख्य टाकी, आडव्या दंडगोलासारखाच असतो, तेव्हा हे फलन टाळून चालणार नाही. ते प्रथम शून्य होते २.४०५ पाशी. कोष्टकावर विसंबून न राहता आज मी त्या फलनाच्या अनंत मालिकेत २.४ घालून पेन्सिलीने बेरीज केली: १ वजा १.४४, अधिक ०.५१८४, वजा ०.०८२९, अशी सहा पदे मांडल्यावर ०.००२५ उरले. एवढ्या थोड्या पदांत शून्याच्या इतके जवळ जाता येते, हे पाहून या फलनाची धास्ती बरीच ओसरली.

काळानुसार होणाऱ्या बदलांसाठी साधी विकलक समीकरणे आणि थोडे सारणी-गणित (मॅट्रिक्स) पुरते. न्यूट्रॉनांचे सरासरी आयुष्य सेकंदाचा हजारावा भाग आणि गुणनांक (एका पिढीतून पुढच्या पिढीत न्यूट्रॉन किती पट होतात तो आकडा) १.००१ धरला, तर केवळ तत्काळ (विखंडनाच्या क्षणीच निघणाऱ्या) न्यूट्रॉनांच्या हिशेबाने शक्ती दर सेकंदाला २.७ पट व्हायला हवी. युरेनियम-२३५ च्या विखंडनातील जेमतेम ०.६५ टक्के विलंबित (उशिरा निघणाऱ्या) न्यूट्रॉनांमुळे तेवढ्याच वाढीला सेकंदाऐवजी सुमारे मिनिट लागतो. त्यांचे सहा गट धरले की शक्तीचे एक धरून एकूण सात समीकरणे होतात. काही पदे झपाट्याने बदलतात, काही रेंगाळतात, म्हणून संगणकावर ती सोडवताना काळाची पायरी जपून निवडावी लागते.

संमिश्र विश्लेषण (संमिश्र संख्यांच्या फलनांचे गणित) तूर्त बाजूला ठेवले आहे. संभाव्यता मात्र लागेल, कारण माँटे कार्लो पद्धत (यादृच्छिक आकडे वापरून एकेका न्यूट्रॉनचा प्रवास संगणकावर मांडणे) तिच्यावरच उभी आहे. पण तिची पाळी एका गटाचे (सर्व न्यूट्रॉनांची ऊर्जा एकच मानून मांडलेले) विसरण-समीकरण दंडगोलासाठी पूर्ण सोडवून झाल्यावर.