६१९.४ पौंड

रविवार, १८ जून २०२३

सकाळपासून कशातच लक्ष नाही. चहा दोनदा उतू गेला. नीरज म्हणाला, "मासा त्यांचा, पैसे त्यांचे. तुला काय झालंय?" खरं आहे. पण काल रात्री कठड्याला रेलून मी उभी होते ना.

बिग रॉक या मार्लिन मासे पकडण्याच्या स्पर्धेचा शेवटचा दिवस होता. ती भरते नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर; आमच्या कॅरीहून मोरहेड सिटी तीन तासांवर, आणि दर जूनला 'यंदा जाऊ' म्हणत राहायचं. या वर्षी गेलो. दुपारी धक्क्यावर सगळे धरूनच चालले होते की 'सुशी' ही बोट जिंकली. तिच्या मार्लिनचं वजन ४८४.५ पौंड. एवढ्यात बातमी पसरली: 'सेन्सेशन' बोटीला शेवटच्या तासात मोठं काहीतरी लागलंय. वेळेच्या आत गळाला लागलं असेल तर बोटीवर घ्यायला कितीही उशीर झाला तरी चालतो. सहा तास झुंजले ते. नीरज गाडीत जाऊन झोपला, मी हलले नाही.

रात्री त्यांची मार्लिन वजनकाट्यावर चढली. शेपटीला दोर, डोकं खाली. समुद्रात विजेसारखी निळी दिसते म्हणतात. आता पाठ शिशासारखी काळपट झाली होती. मादीच असणार, नर एवढे वाढत नाहीत. तोंडातून पाणी ठिबकत होतं. आणि अंगावर चावा होता. मला तो दिसला होता. दिसूनही मी वर आकड्याकडेच बघत राहिले. ६१९.४ पौंड. म्हणजे २८१ किलो! शेजारच्या अनोळखी बाईंनी मला घट्ट मिठी मारली. निकाल लगेच देणार नाहीत, पंच बघतायत, असं कानावर आलं तरी तळवे लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या.

आज सकाळी कळलं, बाद.

शार्कचा चावा. बोटीवर घेण्याआधी दुसऱ्या जनावराने मासा फाडला असेल तर तो मोजत नाहीत, हा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. जखमी मासा लवकर थकतो, मग झुंज एकट्या माणसाची राहत नाही. साधारण ३५ लाख डॉलर गेले. पहिलं बक्षीस 'सुशी'ला, आणि ते योग्यच. त्यांनीही मेहनत केलीच की.

नियम पटतो. तरी घशात काहीतरी अडकलंय ते खाली जात नाही. त्या पत्रातही 'नियमानुसार' एवढंच होतं. तीन वर्षं आणि एक शब्द. जाऊ दे, त्याबद्दल आज लिहायचं नाही.

टोचतंय ते वेगळंच. आमच्याकडे चावलेला मासा घरी यायचा. कोकणात, हर्णैला संध्याकाळच्या लिलावात तसल्या सुरमईला कोण हात लावणार? बाबा खलाशी; तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, ती खलाशांकडे सरकवायचा. मुशीने, म्हणजे शार्कनेच, शेपटीकडचा लचका तोडलेला असायचा. आई तेवढा फाटका भाग सुरीने गोल कापून काढायची, बाकीच्या तुकड्या मीठ-हळद लावून ठेवायची. अख्खी सुरमई आमच्या घरी कधी शिजलीच नाही. मला किती तरी वर्षं वाटायचं, सुरमईला शेपटी नसतेच.

म्हणजे चावा दिसला तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? की ही आपली. बाद, हे मनातही आलं नाही.

आणि तिचं काय? इथे बहुतेक मार्लिन सोडूनच देतात. ४०० पौंड किंवा ११० इंच भरेल तीच आणायची. ती भरली म्हणून आली, आणि आल्यावर मोजलीच नाही. यावर विचार करायला घेतला की पुढे जाता येत नाही.

फादर्स डे म्हणून बाबांना फोन केला. पावसाळ्याची मासेमारी बंदी चालू, बोटी वर ओढून झाकून ठेवल्यात, पाऊस मात्र अडून बसलाय. त्यांना सगळं सांगितलं. पैशांचा आकडा त्यांनी ऐकून सोडून दिला. मासा केवढा, दोर कुठे बांधला, गळ तोंडात कुठे लागला होता, हेच विचारत होते. मग म्हणाले, "खाल्लान् कोणी?"

म्हटलं, माहीत नाही बाबा. तिथल्या विद्यापीठाचे संशोधक या स्पर्धेतल्या मार्लिनची पोटं तपासतात, त्यांनी काय काय खाल्लं होतं ते बघायला.

"बरं," म्हणाले. थोडा वेळ गप्प. "मुशीच्या तरी पोटात गेला थोडा."

मला हसू आलं, आणि मग बराच वेळ थांबेना. नीरज स्वयंपाकघरातून बघायला आला.

बाबांनी शेवटी पत्राचं विचारलंच. मी म्हटलं, "परत भरतोय." नीरजशी यावर बोलणंही झालेलं नाही अजून. तो दारातच उभा होता, हातात फडकं.