कचरा म्हणून टाकलेले गोळे

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मी इंदूरच्या सिरपूर तलावातले रोटिफर, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म प्राणी, घेतले, तेव्हा वाटलं होतं, चित्रं बघायची नि नावं लावायची. पाव मिलिमीटरचा जीव, त्यात काय एवढं!

पहिला घोटाळा तळ्याच्या काठावरच केला. जाळीतलं पाणी बाटलीत घेतलं आणि लगेच फॉर्मेलिन ओतलं. ब्रॅकिओनस या प्रकारच्या रोटिफरना कडक कवच, ते टिकले. बिनकवचाचे मात्र आकसून नुसते गोळे झाले, डोक्यावरचं केसांचं चक्रसुद्धा आत. त्यांच्यापुढे मी वहीत 'कचरा' लिहिलं.

कवचवाल्यांचे पुढचे काटे मोजले: चार. म्हणजे ब्रॅकिओनस कॅलिसिफ्लोरस. पण काहींना मागे दोन लांब काटे, काहींना नाहीतच. मी खुशाल दोन जाती केल्या. मॅडमनी वही चाळली आणि एवढंच म्हणाल्या, "आधी त्या कचऱ्याचे जबडे काढ बरं."

स्लाइडवर एक गोळा, वर कव्हरस्लिप. एका कडेला ब्लीचचा थेंब सोडायचा, समोरच्या कडेला टिपकागद टेकवायचा. ब्लीच आत ओढलं जातं, मांस विरघळतं, उरतो फक्त ओळख पटवणारा जबडा. लक्ष जरा हललं की तोही टिपकागदाकडे वाहत जातो. माझे तीन असेच गेले. चौथा सापडला: दोन वाकडी टोकं, थेट चिमटा.

अस्प्लांक्ना! दुसऱ्या रोटिफरना गिळणारी पारदर्शक पिशवी. हिला गुदद्वारच नसतं, न पचलेली कवचं तोंडावाटेच बाहेर टाकते.

मग काट्यांचा उलगडा झाला. अस्प्लांक्ना पाण्यात एक द्रव्य सोडते. त्या पाण्यात ब्रॅकिओनसच्या अंड्यांतून निघणाऱ्या पोरींना लांब काटे येतात, आईला नाही. काटेवाली गिळायला अवघड. द बोशां या फ्रेंच संशोधकाने हे 1952 सालीच मांडलं होतं. माझ्या दोन जाती म्हणजे मायलेकी!

एक जात खोडली. उरलेलीचंही धड नाही; 2018 मध्ये कॅलिसिफ्लोरसच्याच चार जाती केल्या गेल्या, डीएनएसुद्धा तपासून. माझ्याकडे कुठला डीएनए? लेबलवर 'कॅलिसिफ्लोरस गट' लिहून मोकळी झाले.

पुढच्या खेपेला फॉर्मेलिनच्या आधी सोडावॉटर घालायचं ठरवलं; त्याने ते गुंगतात, मग कमी आकसतात. सकाळी सातला रामबागेतल्या दुकानात दोन बाटल्या सोडा मागितला. दुकानदाराने आधी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे.